पदवीचा उपयोग आणि पावणेपाचची गाडी

मा. संपादक महोदय,
स. न.

बारावीचा निकाल लागला, कोकण विभाग नेहमीप्रमाणे राज्यात पहिला आला आणि पाठोपाठ घरोघरी प्रश्न सुरू झाला: नुसते बीए-बीकॉम करून मिळते काय? आपल्या पत्रस्तंभातही तोच सूर दिसला. नोकरीपुरते बोलायचे तर प्रश्न रास्त आहे. आयटीआय करून वायरमन झालेल्या मुलाचा पगार आधी सुरू होतो, हे कुठल्याही वाडीत ठाऊक असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षे महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. मुले घडताना पाहिली ती बहुतेक तासाबाहेर. बंदरावरचा एक मुलगा पहिल्या वर्षी पुस्तक मागायलासुद्धा मित्राला पुढे करायचा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात त्याला घरोघर जाऊन विहिरींची माहिती लिहून आणायला लावली. मग वाङ्मय मंडळाच्या सभांचे इतिवृत्त त्याच्या गळ्यात पडले. आज तो वडिलांच्याच होडीवर आहे, म्हणजे लोकांच्या हिशेबी बीए फुकट गेले. पण मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेत डिझेल परताव्याचे काय झाले, हे उभे राहून विचारतो तो हाच, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नाही. त्याच्याहून जास्त शिकलेले तिथे मान खाली घालून चहाची वाट पाहत असतात.

अडचण अशी की ही तासाबाहेरची शिदोरी मिळते ती तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांनाच. वादसभा, नाटकाची तालीम, भित्तिपत्रक, सगळे चारनंतर. खेड्यांतून येणाऱ्यांची गाडी पावणेपाचला. ती चुकली तर वस्तीची गाडी. ती फाट्यावर पोचेपर्यंत काळोख, आणि पुढे वाडीपर्यंत चालत. मुलींच्या घरचे याला तयार होत नाहीत. भर पावसात मीही झालो नसतो. सव्वाचारला माझे वाचनालय रिकामे व्हायचे. युवा महोत्सवाची तालीम नेमकी पावसाळ्यात. नाटकात कोण असणार ते अभिनयावर कमी आणि गाडीवर जास्त ठरायचे.

मुरूडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, हा दाखला यावर हमखास ऐकवला जातो. गेले होते, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, हेही मग सांगावे. पुढे १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. अण्णांच्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावे, पण त्यांचे नाव घेऊन आजच्या मुलींना गप्प बसवण्यात काय हशील?

आता तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे खेळ, कला, सेवा योजना अशा सह-अभ्यासक्रमांनाही श्रेयांक आहेत. म्हणजे हे काम गुणपत्रिकेवर येणार. वेळच दिला नाही तर दोन फोटो, हजेरीवर सह्या आणि श्रेयांक जमा, असे व्हायला कितीसा उशीर?

जादा गाडीची मागणी करावी, जरूर करावी. पण त्यासाठी थांबून राहायला नको. महाविद्यालयांनी आठवड्यातले दोन दिवस बारा ते दीड ही वेळ सगळ्या वर्गांना मोकळी ठेवावी आणि चारनंतरचे सगळे तिथे आणावे. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके आड येतील. त्यांच्यासाठी शनिवार बघता येईल. दुसरे, सकाळची पहिली गाडी आठला येते आणि तास साडेनऊला. मधला वेळ मुले स्टँडवर मोबाइल बघत काढतात. वाचनालय आठला उघडले तर? त्याला फक्त एक शिपाई लवकर यायला हवा. (ग्रंथपालही, हे ओघाने आलेच. आमच्या मंडळींना आवडणार नाही.)

प्रवेशाच्या वेळी पालक फी विचारतात, वसतिगृह विचारतात. वेळापत्रकात ही मोकळी वेळ आहे का, तेही विचारावे. नवी वेळापत्रके जूनमध्ये लागतात, तेव्हा पत्र शक्य तर याच आठवड्यात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. रत्नागिरी