पत्रक लिहिण्याआधी

रत्नागिरी

प्रिय बंड्या,

तुझा माणूस काल येऊन पाकीट देऊन गेला. चहा नको म्हणाला, तुझ्यासारखाच घाईत होता. पाकिटात तुझा फेटा बांधलेला फोटो, केलेल्या कामांची यादी आणि 'मास्तर, दोन दिवसांत पत्रक पाहिजे' असा हुकूम. जिल्हा परिषदेला उभा राहतोयस हे मला बाजारात कळलं होतं. शाळेत तुझे निबंध मीच लिहून द्यायचो, तेव्हा साठी उलटल्यावर पत्रक लिहायला माझी ना नाही. लिहायला बसलोही होतो. यादीच्या तळाशी तुझ्या अक्षरात एक ओळ आहे: 'भागोजीशेठ कीर यांच्या पावलावर पाऊल'. तिथे पेन अडलं ते अडलंच.

रागावू नकोस. काही बाबतींत तुझं त्यांच्याशी जुळतं, हे मी आधीच कबूल करतो. ते गरीब भंडारी घरातले आणि तुझे वडीलही माडावर चढून पोट भरायचे. त्यांनी मुंबई गाठली, बांधकामावर राबत राबत कंत्राटदार झाले, शापूरजी पालनजींसारख्या बड्या पारशी फर्मबरोबर कामं केली आणि जागा, इमारती, पैसा सगळं मिळवलं. तू चिऱ्यांचा एक जुना ट्रक घेऊन सुरुवात केलीस आणि आज किनाऱ्याला तुझ्या नावाच्या पाट्या लागल्यात. शून्यातून वर आलास, यात मला तुझं कौतुकच आहे. पण शून्यातून वर येणारे कोकणात पुष्कळ झाले. भागोजीशेठांना लोक 'श्रीमान' म्हणतात ते तेवढ्यासाठी नाही.

पतितपावन मंदिर त्यांच्या पैशातून उभं राहिलं, हे रत्नागिरीतल्या पोराटोरांना ठाऊक आहे. ते कोणत्या दिवसांत उभं राहिलं ते आठव. सावरकर १९२४ पासून इथे स्थानबद्ध होते, १९३७ पर्यंत. जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही, म्हणून त्यांनी अस्पृश्यतेचा प्रश्न हाती धरला. विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांनी कुठवर यायचं, पायरीपर्यंत की सभामंडपापर्यंत, यावर गावात नुसता खल चालला होता. शेवटी, ज्याच्या गाभाऱ्यापर्यंत कुठल्याही जातीचा हिंदू जाईल असं नवंच देऊळ बांधायचं ठरलं आणि खर्चाला भागोजीशेठ उभे राहिले. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते ते सुरू झालं. सनातन्यांचा विरोध उघड होता. वादातल्या कामात बिल्डर पैसा घालत नाही, हे मी तुला सांगायला नको. त्यांनी घातला. परत काय मिळणार होतं? त्या देवळात गाळे नाहीत की फ्लॅट नाहीत.

परवा संध्याकाळी मुद्दाम तिकडे गेलो. देवळात चार-पाच माणसं होती. एक बाई पिशवी खांबाशी ठेवून हात जोडून उभी होती. तिची जात कोण, हे तिथे कोणाच्या मनातही आलं नसेल. त्या काळी एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती.

पण मला भागोजीशेठ खरे कळले ते दादरला. माझे मेहुणे गेले तेव्हा आम्ही त्यांना शिवाजी पार्कच्या स्मशानात नेलं. फाटकाशी लाकडाच्या पावतीसाठी थांबलो होतो. वर सहज नजर गेली तर भागोजी बाळोजी कीर हे नाव. आपल्या रत्नागिरीचं नाव, मुंबईत, तेही स्मशानावर! बरोबरच्या एका चाकरमान्याला विचारलं, तर तो म्हणाला, "जागा त्यांनीच दिली ना." मी पावती हातात धरून तसाच उभा राहिलो. दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती पसरत होती, तो जमिनीच्या भावाचा काळ. इमारती बांधणाऱ्याला तिथली वीत न् वीत सोन्यासारखी. वस्ती आली की तिथे माणसं मरणारही, हे प्लॉट पाडणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. या माणसाच्या डोक्यात आलं आणि त्याने समुद्राकाठची जागा देऊन टाकली. पुढे १९५६ च्या ७ डिसेंबरला बाबासाहेबांवर दादरच्याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आजची चैत्यभूमी या स्मशानाला लागूनच आहे. स्मशानात रोज किती लोक येऊन हुंदके देतात, आणि जागा कोणाची होती हे विचारायचं कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नसतं, पाटी नसती तर.

नाना शंकरशेठांचंही असंच. मूळचे मुरबाडचे, म्हणजे उत्तर कोकणातलेच. १८०३ चा जन्म. मुंबईत पेढी, जमीनजुमला, मोठा वाडा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांत त्यांचं नाव, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती त्याच कंपनीची. १८४९ मध्ये स्वतःच्या वाड्यात मुलींची शाळा भरवली. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे ते संस्थापक आणि १८६२ पासून मुंबईच्या कायदेमंडळात. तू ज्या सभागृहात जायला निघालास, त्याचा हा पणजोबा समज. ही सगळी मोठी कामं पुस्तकात आहेत. माझ्या लक्षात राहिलं आहे ते वेगळंच: सोनापूरचं स्मशान सरकार शिवडीला हलवणार होतं, तेव्हा नाना आडवे उभे राहिले आणि ते जागेवर राहिलं. गिरगावातल्या गरिबाला मढं खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जावं लागलं नाही. एवढ्या जमिनी असलेल्या दोन माणसांना मसणाची काळजी का वाटावी, यावर मी बरेच दिवस विचार करतोय.

आता तुला कळलंच असेल मी कुठे चाललोय.

गेल्या श्रावणात तुमच्या शेजारची आक्का गेली. तू पुण्याला होतास. पाऊस असा की समोरचं परडं दिसत नव्हतं. खांदेकऱ्यांत मीही होतो. पाखाडी उतरून सुरूच्या बनाकडे वळलो तर समोर तुझा गडगा, छातीएवढा, नवा कोरा, जांभ्याचा. लोखंडी फाटकाला कुलूप. राखणदार म्हणाला किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजरचा फोन लागेना. आजोबांच्या आजोबांपासून ज्या वाटेने गावाची मढी पुळणीवर गेली, तिच्यावर तुझी 'सी व्ह्यू'ची पाटी. विसाव्याशिवाय तिरडी खाली टेकवत नाहीत, म्हणून आम्ही दहा-पंधरा मिनिटं तशीच खांद्यावर धरून उभे राहिलो. मग चौघं गडग्यावर चढले, चौघं पलीकडे उतरले आणि आक्काला हातोहात वरून दिली, चिऱ्याच्या ट्रकमधून चिरे देतात तशी. तिचा मुलगा मडकं घेऊन चढताना घसरला, गुडघा फुटला. मडक्यातला विस्तव विझला. कोणीतरी खिशातला लायटर काढून पुढे केला. मागे उभी असलेली बाय एवढंच म्हणाली, "मेल्यावर तरी सरळ जाव दे रे." कोणी तुझं नाव घेतलं नाही. तेच मला जास्त लागलं.

तुझी बाजू मला ठाऊक आहे. जमीन सतरा हिस्सेदारांच्या सह्या घेऊन रीतसर खरेदी केलीस, सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही. खरं आहे, नाही. माझा भाचा भागोजीशेठांच्याच नावाच्या लॉ कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, मामा, १८८२ चा वहिवाटीचा कायदा आहे, वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापर असला की वाटेचा हक्क मिळतो, दावा लावूया. गावातली दोन तरुण पोरंही तेच म्हणतायत. मी त्यांना थांबवलंय. कोर्टात गेलो तर तुझी-माझी दोघांची उरलेली वर्षं तारखांवर जातील, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचीही.

म्हणून हिशोब मांडतो, तू हिशोबी माणूस आहेस. वाट दहा फूट रुंद, गडग्याच्या अलीकडून पुळणीपर्यंत लांबी फार तर दोनशे फूट. म्हणजे दोन हजार चौरस फूट, पुरते दोन गुंठेही नाहीत. तुझ्या नकाशात कडेचा एक प्लॉट थोडा बारीक होईल. बक्षीसपत्र करून ती पट्टी ग्रामपंचायतीच्या नावे नोंदवून दे. निवडणुकीनंतर करू म्हणशील, तर नको. आत्ता दिलीस तर लोक म्हणतील मतांसाठी दिली. म्हणू देत की. तिरडीला त्याने काय फरक पडतो? नंतर तू निवडून आलास तर तुला सवड नसेल आणि पडलास तर मन नसेल. मी तुला तिसरीपासून ओळखतो.

पत्रक लिहून सोबत पाठवतोय. पाण्याची योजना, शाळेची दोन खोल्यांची दुरुस्ती, साकव, सगळं घातलंय आणि ते खरंही आहे. वडील माडावर चढायचे हेही घातलंय, ते खोडू नकोस. भागोजीशेठांची ओळ तेवढी गाळलीये. फोटो फेट्याचा नको, साध्या शर्टातला दे, फेट्यात तू लग्नातल्या मामासारखा दिसतोस.

नोंदणीला वेळ लागेल, ते मला कळतं. पण फाटकाची किल्ली या दोन दिवसांत आक्काच्या मुलाकडे पाठवून दे. खालच्या वाडीतल्या आपल्या बापूला काल दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

तुझा,
मास्तर