टू-स्ट्रोकची ओढ नुसत्या आठवणींची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली जिवापाड जपणाऱ्यांना ‘गेलेल्या तारुण्याला कवटाळून बसलेले’ म्हणायची रीतच पडली आहे. मला ते पटत नाही. या गाड्या बनायच्या बंद झाल्यावर जन्मलेली मुलेही त्यांच्यामागे वेडी आहेत. त्यांना कसल्या आठवणी? ओढ आहे ती त्या इंजिनाची.

या इंजिनात वाल्व्ह (झडपा) नाहीत, त्या उघडझाप करणारा कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट, म्हणजे आत-बाहेर जाण्याची भोके, उघडतो आणि झाकतो. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांनी होतो. मोजक्या पान्यांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरते. नुसता ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला तरी आतली हालहवाल कळते. चॉकलेटी असला तर ठीक, काळा आणि ओला असला तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला असेल तर मात्र गाडी पुढे दामटू नये, पिस्टनला भोक पडायची वेळ येते. चालवणाऱ्याला आपले यंत्र एवढे समजू देणाऱ्या गाड्या आता किती उरल्या?

आणि चालवण्यातली गंमत! खालच्या वेगात अडखळणारे इंजिन पॉवर बँडमध्ये, म्हणजे पूर्ण ताकद देणाऱ्या वेगाच्या टप्प्यात, शिरले की आवाज एकदम स्वच्छ होतो आणि गाडी हातातून निसटल्यासारखी पुढे झेपावते. कावासाकीची 1969 सालची 500 सीसी, तीन सिलिंडरची एच-वन याच स्वभावासाठी आजही ओळखली जाते.

या झेपेमागे मोठी बुद्धी आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी एक्झॉस्टमधल्या दाबलहरींचा अभ्यास केला. सायलेन्सरच्या निमुळत्या टोकावरून परतणारी लहर बाहेर निसटू पाहणारे पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. अशा रचनेतून त्यांनी 1961 पर्यंत 125 सीसीच्या रेसिंग इंजिनातून 25 अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पूर्व जर्मनीतून पळून सुझुकीकडे गेला आणि हे ज्ञान जपानला पोहोचले. पुढे 1975 ते 2001 या काळात मोटारसायकल शर्यतींतल्या 500 सीसी गटाचे प्रत्येक जगज्जेतेपद टू-स्ट्रोकनेच मिळवले.

धुराचा आक्षेप खरा आहे. तेल जळते, थोडे पेट्रोल न जळताच बाहेर पडते. रोजच्या वाहतुकीतून ही इंजिने गेली, ते योग्यच झाले. पण हौसेने, निगा राखून अधूनमधून बाहेर काढल्या जाणाऱ्या गाड्यांना त्याच तराजूत तोलू नये.

राग येतो तो सायलेन्सर कापणाऱ्यांचा. त्यांना वाटते आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली. प्रत्यक्षात परतणाऱ्या लहरीचे गणितच मोडते, ताकद घटते, वर शेजारपाजाऱ्यांची झोप उडते आणि बदनामी मात्र सगळ्यांच्या वाट्याला येते. गाडी मंदावली असेल तर आधी सायलेन्सरमधला कार्बन साफ करून पाहावा. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो, आणि त्यासाठी करवत लागत नाही.

आपला,
एक वाचक