पहिल्या पावसाआधी बागेला खत हवे आहे

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या सभागृहामागची बाग पाहून घ्या एकदा. वाफ्यांना अशा भेगा पडल्यात की गेल्या आठवड्यात एका भेगेत खुरपे मुठीपर्यंत गेले. माळव्याचीच काळी माती ही. पावसात फुगून चप्पल धरून ठेवते, वैशाखात आक्रसून फाटते. कस आहे, पण मुळांना हवा मिळत नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोन चुका केल्या. माती भुसभुशीत व्हावी म्हणून चार पोती वाळू मिसळली. चिकणमातीत थोडकी वाळू घातली की ती विटेसारखी बसते. पाऊस सरल्यावर वाफा कुदळीलाही दाद देईना. वर होळीची राख टाकली. आपल्या बागेतली माती मुळातच चुनखडीची, लिंबू पिळले तरी बुडबुडे येतात. राखेने भर पडली, लोह मिळेना आणि मोगऱ्याची पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. तेव्हा वाळू, राख, चुना कोणीही आणू नये. जिप्सम टाका, असेही सुचवले गेले; ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या मातीचे औषध, तपासणीशिवाय नको.

हवे आहे ते मुरलेले शेणखत. बाग 40 बाय 25 फूट. 2 इंचांचा थर म्हणजे साधारण 170 घनफूट, जवळजवळ दोन ट्रॉल्या. ताजे शेण नको, त्याने मुळे भाजतात आणि वाळवी लागते. भाड्यासह 8,000 रुपये लागतील, 3,100 जमले आहेत. वर्गणी सभागृहात संध्याकाळी 6 ते 8 या वेळात द्यावी, पावती मिळेल.

पैसे जमत नसतील तर पाला द्या. कडुनिंबाचा, पिंपळाचा, अंगणात पडेल तो. फक्त प्लॅस्टिक निवडून. जाळू नका, कचरागाडीतही घालू नका. पाल्याचा थर, त्यावर भाजीच्या सालींचा पातळ थर, शेणकाला, आणि अधूनमधून उलथापालथ. 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरात ही पद्धत बसवली आणि ती इंदूरच्या नावाने जगभर गेली. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. आडनाव ऐकून आपल्या मराठी मंडळींनी कान टवकारायला हरकत नाही! तीन महिन्यांत खत तयार होते, म्हणजे आता रचलेला ढीग गणपतीच्या सुमारास शेवंतीला मिळेल. शिजलेले अन्न मात्र त्यात नको, उंदीर येतात.

आणि हात हवेत. बुधवारी वाफ्यांना पाणी सोडू, रविवारपर्यंत वाफसा येईल, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होईल. ओल्या मातीत कुदळ मारली तर ढेकळे दगडासारखी वाळतात, म्हणून वाफसा आला नाही तर काम एक रविवार पुढे जाईल, फळ्यावर लिहू. सकाळी 6 वाजता या, ऊन चढण्याआधी थर पसरून वरच्या 6 ते 8 इंच मातीत मिसळायचा आहे. फावडी पाचच आहेत, घरी असेल तर आणा. पोहे मंडळाकडून, शेव ज्याची त्याने.

आपली,
बाग समिती