काका, कंदील पेटतोय आणि वेळेवर विझतोयसुद्धा

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पैशांचं तर तुम्ही नावच काढू देत नाही, आणि आभाराचा शब्द तोंडातून निघाला की स्वयंपाकघराकडे वळून "अगं, चहा टाक" म्हणता. म्हणून शेवटी लिहूनच आभार मानते, तेही चारचौघांदेखत. सूनबाई तुम्हाला फोनवर वाचून दाखवतील. त्यांना तशी गळ घालून ठेवली आहे.

ज्यांना मामला ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्या आमच्या हौशी नाटकमंडळीत नेपथ्य माझ्याकडे असतं. माझ्या हत्यारांत एक जुना १८ व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल आहे. पेटीत ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि त्याच बॅटरीवर चालणारा एक कंदील. ड्रिल अजून दणकट. कंदील मात्र नावापुरता होता. त्याचा उजेड मुळातच पिवळा, आणि बॅटरी अर्धी झाली की निखाऱ्यासारखा. प्रयोगाच्या आदल्या रात्री टेंपोतून फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उतरवताना रंगमंचावरची लाइन बहुधा जोडलेली नसते. मग कुणीतरी मोबाइल धरून उभं राहतं आणि ऐन स्क्रू बसवायच्या वेळी त्याच मोबाइलवर त्याच्या घरून फोन येतो. सियागंजात एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं की असले बल्ब आता येत नाहीत, फेका आणि नवीन चायनीज घ्या. मंडळीतल्याच एकाने तुमचं नाव सुचवलं, "रामबागेत एक काका आहेत, झांकीवाले."

झांकी म्हणजे काय हे इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे कापडगिरण्यांच्या रोषणाईच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार अशी नावं. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, पण कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत. रात्रभर जेल रोडवरून, जवाहर मार्गावरून राजवाड्याकडे मिरवणूक सरकत राहते आणि अख्खं शहर जागं असतं. काकांनी गिरणीच्या वायरिंग खात्यात नोकरी केली आणि भाद्रपदात या झांक्यांचे दिवे जोडले. म्हणजे लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ज्या दिव्यांकडे तोंड उघडं टाकून बघायचे, त्यातले काही तुमच्या हातचे असणार.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की तुम्ही कंदील उघडाल. तुम्ही फक्त बल्ब काढलात, भिंग लावून त्याच्या पितळी कॉलरवरची अक्षरं वाचलीत आणि मला गणित घातलंत. १८ व्होल्ट, ०.६ अँपियर, किती वॉट? पावणेअकरा-अकरा. "यातला उजेड किती नि गर्मी किती?" तारेच्या छोट्या बल्बमधून वॉटमागे दहा-पंधरा ल्यूमेन (उजेड मोजायचं एकक) निघाले तरी खूप, म्हणजे सगळे मिळून दीडशेच्या आसपास. एलईडी सहा वॉटवर चालवला तरी सहाशेपर्यंत जातो. चौपट उजेड आणि बॅटरीवर भार कमी, हे तिथेच कागदावर दिसलं.

मी विचारलं, मग बल्बच्या जागी नुसता एलईडी बसवून टाकायचा का? त्यावर तुम्ही झांकीचा हिशोब सांगितलात. पूर्वी सहा व्होल्टचे बारके दिवे असायचे आणि घरची लाइन २३०ची. २३० भागिले ६, म्हणून अडतीस-चाळीस दिव्यांची एक माळ. एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारात, आणि तुम्ही रात्री दीड वाजता चालत्या ट्रॉलीवर चढून मेलेला दिवा शोधत बसायचे. आपल्या दहा वॉटच्या एलईडीतही तेच आहे म्हणालात. त्या पिवळ्या चौकोनाखाली नऊ कण असतात, तीन-तीनच्या तीन माळा. एका कणाला तीन-सव्वातीन व्होल्ट लागतात, म्हणून एलईडी साधारण दहा व्होल्टचा. विझलेला असताना तो पिवळा का दिसतो, हेही तेव्हाच कळलं. खालचा कण निळा उजेड देतो, वरचा पिवळा लेप त्यातला काही गिळून पिवळा करून सोडतो, आणि दोन्ही मिळून पांढरं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं होतं, हे मला वाचून माहीत होतं. त्याचा माझ्या कंदिलाशी संबंध आहे हे माहीत नव्हतं.

रेझिस्टर लावून उरलेले आठ व्होल्ट खाऊन टाकायचे, हा माझा पुढचा उपाय. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, आकडे मांडायला लावलेत. ताजी चार्ज केलेली बॅटरी २१ व्होल्टपर्यंत जाते, उतरलेली १५वर येते. एकाच रेझिस्टरवर सुरुवातीला ०.८ अँपियर आणि शेवटी जेमतेम ०.४, शिवाय मधल्या मधे पाचेक वॉटची शेगडी. त्यातून एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्टेज कमी होतो, मग करंट आणखी वाढतो, मग तो आणखी तापतो. बल्ब आपला आपण आवर घालतो, कारण तार तापली की तिचा रोध वाढतो. एलईडीला तो आवर बाहेरून घालावा लागतो. म्हणून व्होल्टेज उतरवून करंट बांधून ठेवणारं छोटं सर्किट, म्हणजे बक मॉड्यूल. जेल रोडवर सहज मिळालं.

ते सेट करायचं काम तुम्ही माझ्याच हातात दिलंत, आणि आभाराचं पहिलं कारण हे आहे. मॉड्यूलवरच्या निळ्या डबीचा तो पितळी स्क्रू नखाएवढासुद्धा नाही. आधी काही न जोडता आउटपुट बारा व्होल्टवर आणायचा. मग मीटरची लाल वायर दहा अँपियरच्या भोकात घालून दोन्ही टोकं सरळ आउटपुटवर टेकवायची आणि दुसरा स्क्रू फिरवत ०.६०वर थांबायचं. एलईडी जोडायचा त्यानंतर. मॉड्यूलच्या आउटपुटवर मीटरने शॉर्ट करायचं म्हटल्यावर माझा हात थांबला होता. तुम्ही खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत. "करंट बांधलाय ना? मग जाऊन जाऊन जाईल कुठे?" एवढंच. आणि काम झाल्या झाल्या, "लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाल. नाहीतर पुढच्या वेळी बॅटरी मोजशील नि मीटर जाळशील." एलईडी ०.९ अँपियर झेलणारा असताना ०.६वरच का थांबायचं, तर थंड राहतो, जास्त टिकतो आणि तेवढ्या वॉटमध्ये उजेडही थोडा जास्त देतो. दुकानदार हे कशाला सांगेल.

कोणता पांढरा घ्यायचा यावर दुकानात वाद झाला. दुकानदार साडेसहा हजार केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) निळसर पांढरा पुढे करत होता, तो डोळ्यांना जास्त प्रखर वाटतो आणि थोडा असतोही. तुम्ही मला विचारलंत, "तुझा सेट लोक कुठल्या उजेडात बघणार?" स्टेजचे हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास. निळसर उजेडात मी रात्री विटांची भिंत रंगवली तर लाल रंग मेलेला दिसतो, मग मी तो वाढवत जाते, आणि स्टेजवर ती भिंत पेटल्यासारखी दिसते. तीन हजारचा उबदार पांढरा घेतला. इतकी वर्षं सेट रंगवून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, प्रकाशयोजनावाल्यांनीसुद्धा.

उष्णतेचं काम तुमच्या भंगाराच्या डब्यातून झालं. जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा, गर्मी बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा हीट सिंक हॅकसॉने कापला, एलईडीखाली पेस्टचा पातळ थर दिला आणि कंदिलाच्या पाठीला चौकोन पाडून हीट सिंकच्या पट्ट्या बाहेर काढल्या. "प्लास्टिकच्या डब्यात बंद केलास तर तो कुणाला गर्मी देणार?" अर्धा तास पेटवून ठेवल्यावर तुम्ही पट्ट्यांवर बोट टेकवलंत आणि पाच मोजलेत. पाच मोजेपर्यंत बोट ठेवता आलं की ठीक.

जुना रिफ्लेक्टर मात्र काढावाच लागला. तो तारेच्या बारीक ठिपक्यासाठी घडवलेला असतो. त्यात चपटा चौकोन बसवला तर भिंतीवर मधोमध काळं भोक आणि भोवती कडं. मला झोत नकोच होता, पसरलेला उजेड हवा होता. पुढे लावायला मी स्टेजच्या दिव्यांचा उरलेला फ्रॉस्ट कागद (उजेड पसरवणारा दुधी कागद) आणला. त्यावर तुम्ही "वा" म्हणालात. एवढं एकच कौतुक पदरात पडलं, जपून ठेवलं आहे.

आता ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ते. कंदील पेटला, अंगण उजळलं, मी सामान आवरायला लागले, आणि तुम्ही म्हणालात, "अजून अर्धं काम राहिलंय." जुना बल्ब बॅटरी उतरताना लालसर व्हायचा, म्हणजे तोच इशारा द्यायचा. नवं मॉड्यूल शेवटपर्यंत तेवढाच करंट रेटत राहणार. उजेड कमी होणारच नाही, आणि आत बॅटरी मरत असेल. माझी बॅटरी निकेल-कॅडमियमची, पंधरा सेलची. फार उतरली की त्यातला सगळ्यात अशक्त सेल उलटा चार्ज व्हायला लागतो आणि कायमचा जातो. सेलमागे एक व्होल्ट म्हणजे १५ व्होल्टला थांबलं पाहिजे. पुढे कधी लिथियमची बॅटरी आली तर पाच सेल, प्रत्येकी तीन व्होल्ट, पुन्हा १५च! हा योगायोग सांगताना तुमचा चेहरा काकांचा नव्हता, परीक्षेत पूर्ण मार्क मिळालेल्या पोराचा होता.

मग रिलेचं, म्हणजे विजेवर आपोआप चालणाऱ्या बटणाचं, कटऑफ मॉड्यूल लावलं. बॅटरी ठरलेल्या आकड्याखाली गेली की ते दिवा बंद करतं. साडेपंधराला बंद, सोळाला चालू असं तुम्ही मुद्दाम सेट केलंत आणि उतरलेली बॅटरी लावलीत. टक. दिवा बंद. भार गेला की बॅटरीचा व्होल्टेज आपोआप थोडा वर चढतो, म्हणून लगेच टक, चालू. मग टक, बंद. काकू आतून म्हणाल्या, "काय पाल चुकचुकतेय का?" पुन्हा चालू व्हायचा आकडा १९वर नेला तेव्हा ती पाल गप्प झाली. हे नुसतं सांगितलं असतंत तर मी विसरून गेले असते.

फ्यूजचंही तसंच. दोन अँपियरची काचेची फ्यूज, बॅटरीला अगदी लगटून. "ही बॅटरी ड्रिल फिरवते. वायर चिकटली तर वायर लाल करेल." जुन्या वायरी दोन्ही काळ्या होत्या. बल्बला उलट-सुलट चालतं म्हणून कारखान्याने फिकीर केली नव्हती. एलईडीला चालत नाही, म्हणून मीटरने तपासून प्लसला लाल नळी चढवलीत. आणि जाताना तुमची ताकीद होती की जुन्या चार्जरवर लिथियमची बॅटरी चुकूनही लावायची नाही. लिथियमचे सेल बसवायचेच तर बीएमएस (सेल सांभाळणारं संरक्षक सर्किट) आणि त्याचा स्वतःचा चार्जर हवा. नाहीतर कंदील म्हणजे घर जाळायचं यंत्र होईल. मेलेली दुसरी बॅटरी मी कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यातच टाकली, ओल्या-सुक्यात नाही. कॅडमियम विषारी आहे, आणि इंदूरकरांना कचऱ्याबद्दल दुसरं कुणी शिकवलेलं चालत नाही.

कंदील आता प्रयोगांना जातो. रवींद्र नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी टेंपो लागला की तो आधी उतरतो, फ्लॅट नंतर. एका चार्जवर तीन-साडेतीन तास सहज चालतो, पूर्वी अडीच तासांत संपायचा. मधे एकदा सेट उभा करताना तो टक करून बंद पडला, तेव्हा पोरांनी "गेला, गेला" म्हणून आरडाओरडा केला. गेला नाही, थांबलाय, असं सांगून मी बॅटरी चार्जिंगला लावली. त्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवे होतात. पुढच्या प्रयोगाचे दोन पास सूनबाईंकडे दिले आहेत. काकूंना घेऊन या. मध्यंतरात आत या, पोरांना भेटवते.

आणि काका, आमच्या प्रकाशयोजनावाल्यालाही असाच करून हवाय. त्याचा कंदील १२ व्होल्टचा, दहा सेलचा. मी त्याला सांगितलं की आपला दहा व्होल्टचा एलईडी त्यावर चालणार नाही, कारण मॉड्यूलला वर दीड-दोन व्होल्टचं अंतर लागतं आणि बॅटरी उतरली की तेवढं उरत नाही. त्याऐवजी तीन व्होल्टचे दोन एलईडी एका माळेत लावायचे, सहा व्होल्ट, आणि कटऑफ दहाला. बरोबर ना? रविवारी संध्याकाळी त्याला घेऊन येते. सामान त्याचं, मीटर तुमचा. काकूंना म्हणावं चहा आम्ही करू.

आपली,
नेपथ्यवाली