घर दाखवायला काढलंय

मु. पो. तेच, ता. आर्वी, जि. वर्धा
२८ डिसेंबर २०२५

प्रिय शऱ्या,

दिवाळीला तुझा लांबलचक मेसेज आला, मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मोकळा झालो. त्याआधीचं तर बोलायलाच नको. प्रकृती सगळ्यांच्या ठीक. माझी शुगर आहे तिथंच आहे, तुझ्या वहिनीची कंबर थंडीत बोलते, आईला ऐकू कमी येतं पण जे ऐकायला नको ते बरोबर येतं. झालं. आता मुद्दा.

घर विकायला काढलंय.

लगेच फोन उचलू नकोस, आधी पूर्ण वाच. तू अण्णांचं घर विकलंस तेव्हा मी तुला पुलगावच्या स्टँडवर चारचौघांत काय बोललो ते मला आठवतं, आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. तू पुण्याहून आलास, घराला साधा झाडू न मारता एका दुपारी सही करून गेलास. काकूंच्या तुळशीवृंदावनाचे दगड त्या माणसाने गोठ्याच्या पायरीला लावले, ते मी रोज पाहतो. मी निदान रीतसर दाखवून विकतोय.

का विकतोय ते तुला सांगायला नको. पोरगा येत नाही, येणारही नाही. मागच्या अर्ध्या घरात वटवाघळं राहतात, पुढच्या अर्ध्यात आम्ही तिघं. आर्वीत दवाखान्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. ताईची सही झाली, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, नमुना आठ, माझ्या नावावर आला, ड्रोनवाल्या मोजणीनंतरची सनदही हातात आहे. तुला नव्हती मिळाली, तुझ्या वेळी ड्रोन लग्नातसुद्धा नव्हते.

दलाल एक पोरगाच आहे, आपल्या काळात असता तर त्याला मॉनिटरही केलं नसतं. पण डोकं आहे. म्हणाला, काका, विकायचं तर हिवाळ्यातच दाखवा. खरं आहे बाप्पा. मे महिन्यात कवेलूच्या छपराखाली गिऱ्हाईक पाणी पिऊन उठून जाईल, आणि जुलैत माजघरात पातेली मांडलेली दिसतील. आता भिंती कोरड्या, आभाळ स्वच्छ, अंगणात ऊन पसरलेलं. आपल्या घराचं सोंग वठायचं तर याच दोन महिन्यांत.

अडचण एवढीच की हिवाळ्यात घरात घर उरत नाही. माजघरात कापूस भरलाय, छताच्या मयालीला टेकला. लांब धाग्याला यंदा हमीभाव क्विंटलला ८११० आहे, दारावर येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो. सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचा तर आधी मोबाइलवर नोंदणी, मग नंबर, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत. पहाटेचं दव बघ आणि तूच सांग बारात कसा बसवायचा. म्हणजे दुपारी ओट्यावर पसरा, ऊन उतरायच्या आत भरा. दलाल म्हणतो, काका, खोली मोठी दिसली पाहिजे. मी म्हटलं, बाबा, खोली मोठी आहे म्हणूनच एवढा मावला.

शेवटी कापूस माजघरातून झोपायच्या खोलीत नेला. तुझी वहिनी आता रात्रभर खाजवते आणि मला ऐकवते. नागपूरचं एक जोडपं आलं होतं, फार्महाऊस की काय करायला. त्यातल्या बाईंना कापूसच बघायचा होता. ढिगावर रेलून फोटो काढला, अन् परत जाताना गाडीत बसेपर्यंत दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. पुन्हा फोन नाही. फोटो मात्र कुठेतरी पाचशे लोकांनी पाहिला म्हणे.

उजेडाचंही तसंच. आपलं दार पूर्वेला, ते एक बरं, वास्तुवाल्यांचं तोंड बंद. पण चारनंतर ओसरीत अंधार, आणि हरभऱ्या-गव्हाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज असं पडतं की बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा नुसता लाल दिसतो. म्हणून ठरवलं, यायचं ते सकाळी दहाला. त्या वेळी ऊन ओसरीतल्या दुसऱ्या खांबावर असतं. तो खांब मी जवसाच्या तेलाने पुसून काढला. वरून काळा कुळकुळीत होता, आपल्याला वाटायचं रंगच तो. चिंधी फिरवली तर आधी धुराची काजळी निघाली, मग खाली चिकट, जुनं तेल, मग कुठल्या तरी लग्नातलं बोटभर कुंकू, आणि त्याखाली सागाची रेघ. पेट्रोमॅक्सच्या खिळ्याभोवती गंजाचा गोल आहे, तो काही गेला नाही. मी अर्धा दिवस त्या एका खांबापाशी होतो. तुझी वहिनी म्हणाली, इतकं लग्नाच्या वेळी मला पाहिलं नव्हतं.

चुना मीच मारला, मजुराने छुईची पांढरी माती सुचवली होती, ऐकलं नाही. थंडीत चुना वाळेना. संध्याकाळी भिंत ढगाळ, जागोजाग डाग, मला रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं तशी पांढरी फेक झाली. फक्त टेकू नये. दलालाने काळा शर्ट घालून टेकला, आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला लांबूनच घर दाखवतो.

त्याच्या सूचना ऐक. चुलीचा वास नको. आता आईच्या अंघोळीचं पाणी कापसाच्या पऱ्हाट्यांवरच तापतं, गीझर लावला तर ती म्हणते पाण्याला चव नाही, जसं काही प्यायचंय. अंगणातल्या तुरीच्या तुऱ्हाट्या मागे न्या. नेल्या. खाट हलवा. ती हलणार नाही, खाटेवर आई आहे. मग म्हणे, भिंतीवरचे फोटो काढा, हार घातलेली माणसं पाहिली की गिऱ्हाइकाच्या मनात नको ते येतं. बाबांचा, आजोबांचा, मोठ्या आईचा, सगळे उतरवून कापडात बांधले. आई पाहत होती. म्हणाली, "मंग मीही उठू का?"

आणि खरी गंमत तीच आहे. ती उन्हात बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला घराचा पाढा वाचून दाखवते. "त्या कोपऱ्यात टिपकते बरं. वांदरं कवेलू फोडतेत, दरवर्षी फेरा लागते. न्हाणीचं पाणी कुठं जाते मले तरी ठाव नाही." मी डोळ्यांनी खुणावतो, तर मोठ्याने विचारते, "काहून डोळे मारतं बे?" एकजण तर तिचे आभार मानून गेला.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते.

मन्या आला होता. हो, तोच. वरच्या पुऱ्यातला.

दहाची वेळ वगैरे काही नाही, परवा दिवेलागणीला आला. मी बनियनवर, कापूस अर्धा ओसरीत, अर्धा पायात, चूल पेटलेली, धूर, बल्ब लाल. इतके दिवस जे जे लपवत होतो ते सगळं एकदम मांडलेलं. चपला बाहेर काढल्या आणि ओट्यावर उभा राहून म्हणाला, "घर पाहू देता का?" देता! ज्याच्या तोंडून आपण फक्त 'बे' ऐकलं त्याच्या तोंडून.

शऱ्या, मन्याच्या बापापायी पंचायतीत अण्णा उठून गेले त्या रात्री आपण गुरांच्या आखरावर बसून शपथ घेतली होती, त्या घराचा उंबरा चढायचा नाही म्हणून. आपण पाळली. पण त्या घरचा माणूस आपला उंबरा चढला तर काय करायचं हे शपथेत नव्हतं. मी 'या' म्हणालो नाही. आई म्हणाली. तिला ऐकू येत नाही, पण आवाज ओळखला. "तुया बापावानीच खाकरतं," म्हणाली, आणि चहा ठेवायला लावला.

त्याने घर पाहिलं तसं आजवर कोणीच पाहिलं नव्हतं. बाकीचे खोल्या मोजतात. ह्याने मागच्या भिंतीच्या पायाशी बसून माती बोटांत चोळली, काठीने कवेलू उचलून खालचे दांडे पाहिले, वाळवी कुठवर आली ते मला दाखवलं. मला माहीत नव्हतं. आईने पाढा म्हटला, त्याने सगळा ऐकला आणि म्हणाला, "काकू, आमच्याकडं बी तसंच टिपके." म्हणतो, पाडायचं नाही. सुनेला ओसरी पाहिजे, पोरांना खेळायला.

बाकी गिऱ्हाइकांचं ऐकशील तर हसशील. रोडलगत म्हणून एकाला गाळे काढायचेत. दुसरा नुसता सागवान मोजत होता, खांबांना हाताने वेंगत होता, जागा त्याला फुकटच धरायची होती. उभं ठेवणारा एकच निघाला आणि तो मन्या. मी कटवायला म्हणून भाव चढा सांगितला. त्याने घासाघीससुद्धा केली नाही. "पौषात इसार देत नाही, पौष सरू द्या," एवढंच. म्हणजे १८ जानेवारीपर्यंत माझ्या डोक्याला घोर.

मला राग कशाचा येतो सांगू? तो नीट वागला याचा. अरेरावी केली असती तर मी त्याच रात्री हाकलून दिला असता आणि तुला आनंदाने फोन केला असता. जाताना त्याने ओट्यावरून तुझ्या घराच्या जागेकडे पाहिलं, गोठा आहे आता तिथं, आणि म्हणाला, "शरद येते का कधी?" मी म्हटलं, येतो. खोटं बोललो. त्याचा बाप वारल्यावर तो तुझ्याकडे पुण्याला येऊन गेला होता का रे? बोलताना त्याच्या तोंडून अर्धवट काहीतरी निसटलं, मग गप्प झाला. गेला असेल आणि तू मला सांगितलं नसशील, तर हे भांडण वेगळं, ते समोरासमोर करू.

तुझी वहिनी म्हणते, पैसे चोख, माणूस चोख, आता त्याच्या बापाचं ओझं तुम्ही किती दिवस वाहणार. पोरगा म्हणतो, "बाबा, हाच द्या ना." त्यांचं काही चुकत नाही. पण ते आखरावर नव्हते.

अण्णा तुझे. तू नाही म्हणालास तर मी त्याला उद्या सांगेन, विकायचं नाही, मत बदललं. गाळेवाला आहेच, नाहीतर राहू दे वटवाघळांना. तू हो म्हणालास तर इसाराच्या कागदावर साक्षीदार म्हणून तुझी सही लागेल, मला दुसरी कोणाची नको. फक्त 'तुला योग्य वाटेल ते कर' असं लिहू नकोस. तुझी ती सवय मला शाळेपासून माहीत आहे, कबड्डीत मला पुढे पाठवून तूच लाइनीवर उभा राहायचास.

आणि पत्रात ठरवू नकोस, ये. पुलगावला उतर, तिथून एसटी आहे, मी आर्वीला घ्यायला येतो. हरभऱ्याला घाटे लागतील तोवर. भरीत आई स्वतः करणार म्हणते, वांगी तिच्याच खाटेखाली ठेवलीत. झोपायची जागा कापसावर, खाज आली तर बोलायचं नाही. मन्याला घरी बोलवायचं की आपण वर जायचं हे तू आल्यावर ठरेल. मी एकटा जाणार नाही, हे नक्की.

तुझा,
विन्या

ता. क. गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? एसटीच्या पायऱ्या उंच आहेत, आधी कळव म्हणजे मी पुलगावपर्यंत गाडी करून येतो. नातवाचं नाव काय ठेवलंत ते मेसेजमध्ये होतं, पण वहिनीला सांगितलं तेव्हा मी काहीतरी भलतंच सांगितलं, आता ती तेच सगळ्यांना सांगतेय. नीट लिहून पाठव.