स्वस्त काउंटीचा पुरता हिशेब

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील ग्रामीण काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) घरे किती स्वस्त आहेत, हे सांगून मराठी कुटुंबांना तिकडे स्थायिक होण्याचा सल्ला देणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झाला. लेखातील घरांच्या किमती चुकीच्या आहेत असे मला म्हणायचे नाही. मात्र केवळ त्या किमतींवरून ‘कमी खर्चात उत्तम जीवनमान’ असा निष्कर्ष काढणे घाईचे झाले. आयोवा राज्याच्या आग्नेय भागातील जेफरसन काउंटीत मी बरीच वर्षे राहते आणि लहान व्यावसायिकांचे जमाखर्च लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे येथील घरखर्चाची दुसरी बाजूही मला रोज दिसते. तीही आपल्या वाचकांपुढे यावी, म्हणून हे पत्र.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करते. २०२० च्या जनगणनेनुसार संपूर्ण जेफरसन काउंटीची लोकसंख्या साडेपंधरा हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. त्यांपैकी साडेनऊ हजारांच्या आतबाहेर लोक फेअरफिल्ड या मुख्य गावात राहतात. येथे दीड लाख डॉलरांच्या आसपास तीन खोल्यांचे, अंगण असलेले, जुने पण राहण्याजोगे घर मिळू शकते, तर सॅन होजेत दहा लाख डॉलर हाती असूनही स्वतंत्र घर मिळणे कठीण आहे. न्यू जर्सीत २०२३ मध्ये घरामागे सरासरी मालमत्ता कर सुमारे ९,८०० डॉलर होता. आयोवात हा कर घराच्या किमतीच्या दीड टक्क्याच्या आसपास पडत असल्याने दीड लाखांच्या घरावर तो सव्वादोन हजारांच्या घरात जातो. शिवाय २०२५ पासून राज्याचा प्राप्तिकर सरसकट ३.८ टक्के झाला आहे आणि किराण्यावर विक्रीकर नाही. ही बचत खरी आहे आणि तिच्या बळावर कर्जमुक्त झालेली कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत.

परंतु येथील घर स्वस्त का, हा प्रश्न लेखकाने विचारलेला नाही. जमीन स्वस्त आहे म्हणून घर स्वस्त, असे कोणी समजत असेल तर ते तसे नाही. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये राज्यातील शेतजमिनीचा सरासरी भाव एकरी ११,८३५ डॉलर होता, आणि दक्षिण आयोवात तो कमी असला तरी मका-सोयाबीनची चांगली जमीन येथेही कोणी स्वस्तात सोडत नाही. जमीन महाग आणि घर स्वस्त, या विसंगतीचे कारण असे की यंत्रे मोठी होत गेली, एका कुटुंबाला कसता येणारे क्षेत्र अनेक पटींनी वाढले, १९८० च्या दशकातील शेतीच्या आर्थिक संकटात कर्जबाजारी झालेली कुटुंबे शेती सोडून गेली आणि त्यांच्यामागोमाग दुकाने, शाळा, दवाखाने कमी झाले. माणसे गेली म्हणून घरे उरली. तेव्हा घराच्या किमतीतली सूट ही बऱ्याच अंशी त्या गेलेल्या सेवांची किंमत आहे, आणि त्या सेवा लागतात तेव्हा मोटार काढून त्यांच्यापर्यंत जावे लागते.

या अंतराचा खर्च मोजता येतो. अमेरिकी प्राप्तिकर खात्याने २०२५ साठी व्यवसायाकरिता वापरलेल्या मोटारीचा खर्च मैलाला ७० सेंट धरला. त्यात इंधन, विमा, दुरुस्ती आणि गाडीची झीज हे सारे आले. फेअरफिल्डहून आयोवा सिटीतील विद्यापीठाचे मोठे रुग्णालय सुमारे ६० मैलांवर आहे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांकडे एक खेप केली की डॉक्टरांच्या शुल्काआधीच ८४ डॉलर खर्च झालेले असतात. सार्वजनिक वाहतूक जवळपास नाही. कॅलिफोर्निया झेफर ही रेल्वेगाडी गावातून दोन्ही दिशांनी रोज एकदा जाते, पण थांबते ती पूर्वेला माउंट प्लेझंटला आणि पश्चिमेला ऑटम्वाला. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे असतील तर दोन गाड्या अपरिहार्य, आणि दुसरी गाडी वर्षाला १२,००० मैल धावली तर वरील दराने ८,४०० डॉलर झाले. न्यू जर्सीच्या तुलनेत मालमत्ता करात वाचलेले सुमारे साडेसात हजार एवढ्यातच संपतात. गृहकर्जाच्या व्याजात होणारी बचत याहून मोठी आहे आणि गाडी न्यू जर्सीतल्या एडिसन गावातही लागते, हे मला माहीत आहे. मात्र तिथे एका गाडीवर आणि न्यूयॉर्कच्या रेल्वेवर संसार चालवणे शक्य असते, इथे नाही.

आरोग्यसेवेबाबत थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण लेखात तिचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. ग्रामीण रुग्णालये टिकावीत म्हणून १९९७ च्या कायद्याने अमेरिकेत जास्तीत जास्त २५ खाटांच्या रुग्णालयांचा एक वेगळा वर्ग केला गेला. त्यांना मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याकडून ठरावीक दरांऐवजी प्रत्यक्ष खर्चावर आधारित रक्कम मिळते. आयोवातील बहुतेक लहान काउंट्यांची रुग्णालये याच वर्गात मोडतात. ती अपघात, न्यूमोनिया, साधे अस्थिभंग चांगले हाताळतात, कर्मचारी रुग्णाला नावानिशी ओळखतात आणि खिडकीवर ताटकळावे लागत नाही. पण गेल्या दोन-अडीच दशकांत राज्यातील कितीतरी ग्रामीण रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद केले, कारण वर्षाला मोजकीच बाळंतपणे होत असताना चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि परिचारिका ठेवणे परवडत नाही. याच कोपऱ्यातील कियोकक शहरात तर अख्खे रुग्णालयच ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. जानेवारीच्या बर्फात, मोबाइलला धड संपर्क नसलेल्या दुपदरी रस्त्यावरून कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन तासभर गाडी हाकायची वेळ येऊ शकते, हे पुण्यात बसून घराची किंमत पाहणाऱ्या कुटुंबाला कोणी तरी सांगायला हवे.

जुन्या घराचेही काही खर्च असतात. आयोवाच्या सर्वच्या सर्व ९९ काउंट्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या नकाशात रेडॉन वायूच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत; तळघरात हा वायू साठतो आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. चाचणी स्वस्त असते, पण वायू बाहेर काढणारी नळी आणि पंखा बसवायला हजार-दोन हजार डॉलर लागतात. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. गावाबाहेर नैसर्गिक वायूची नळी नसल्याने हिवाळाभर प्रोपेनची टाकी भरून घ्यावी लागते.

गावाबाहेरच्या घराचा विषय निघालाच आहे, तर डुकरांबद्दलही लिहिले पाहिजे. आयोवात माणसे सुमारे ३२ लाख आणि डुकरे दोन कोटींहून अधिक. ती बंदिस्त शेडमध्ये वाढवली जातात, शेडखाली साठलेले मलमूत्र शेतात खत म्हणून सोडले जाते आणि त्या दिवसांत वाऱ्याची दिशा फिरली की अंगणात उभे राहवत नाही. २,५०० डुकरांच्या शेडला बांधकाम परवाना लागतो, म्हणून २,४९९ डुकरांची शेडे बांधण्याची युक्ती येथे सर्वांना ठाऊक आहे. महत्त्वाची गोष्ट ही की अशी शेडे कोठे असावीत हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने काउंटीकडे ठेवलेलाच नाही. मोठ्या शेडच्या अर्जावर काउंटीचे मंडळ गुणपत्रक भरून शिफारस करू शकते, निर्णय राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा. याचा अर्थ असा की चार एकरांतले सुंदर घर घेतल्यावर शेजारच्या शेतात काय उभे राहील, हे आपल्या हाती नाही आणि आपण निवडून दिलेल्या मंडळाच्याही हाती फारसे नाही. विहिरीचे पाणी घेणाऱ्यांनी नायट्रेटची तपासणी करून घ्यावी हे वेगळे सांगायला नको; लिटरमागे १० मिलिग्रॅम ही मर्यादा सार्वजनिक पुरवठ्याला लागू आहे, खासगी विहीर ज्याची त्याने पाहायची.

आणखी एक बाब. लेखकाने नमुना म्हणून फेअरफिल्डचेच वर्णन केले आहे आणि तेच मला सर्वांत अधिक खटकले, कारण ग्रामीण मिडवेस्टचा नमुना म्हणून याहून चुकीचे गाव सापडणे कठीण आहे. १९७३ मध्ये येथील पार्सन्स कॉलेज बंद पडले तेव्हा हे गावही इतरांच्याच वाटेने जाणार होते. पुढच्याच वर्षी महर्षी महेश योगींचे विद्यापीठ त्या आवारात आले, ध्यान करणारे लोक देशभरातून येऊन स्थायिक झाले, त्यांनी सॉफ्टवेअरपासून वित्तसल्ल्यापर्यंत अनेक उद्योग काढले आणि २००१ मध्ये शेजारी महर्षी वेदिक सिटी नावाचे पूर्वाभिमुख घरांचे स्वतंत्र गावही वसले. त्यामुळे येथे शाकाहारी जेवण मिळते, नाट्यगृह आहे, संगणकशास्त्र शिकायला आलेले भारतीय विद्यार्थी दिसतात. यांतील बरेच जण काही महिन्यांच्या वर्गांनंतर पगारी प्रशिक्षणासाठी दुसऱ्या राज्यांत निघून जातात, हेही सांगायला हवे. शेजारच्या व्हॅन ब्यूरेन काउंटीत अवघे सात हजार लोक आहेत. तेथे निसर्ग अधिक देखणा, घरे याहून स्वस्त, आणि कढीपत्ता हवा असेल तर तो आयोवा सिटीकडूनच आणायचा. मिडवेस्टमधील बहुतेक ग्रामीण काउंट्या व्हॅन ब्यूरेनच्या जातीच्या आहेत, जेफरसनच्या नव्हेत.

आता आपल्या वाचकांच्या दृष्टीने मला सर्वांत गंभीर वाटणारा मुद्दा. एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावरील माणसाची नोकरी गेली की नवा मालक शोधण्यासाठी त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. शिकागो किंवा डॅलसमध्ये या ६० दिवसांत आसपासच्या पन्नास कंपन्यांकडे अर्ज करता येतो. ज्या काउंटीत आपल्या कामाचा एखाद-दुसराच मालक आहे तेथे दुसरी नोकरी म्हणजे दुसरे गाव, आणि स्वस्तात घेतलेले घर विकायला ६० दिवस पुरतीलच असे नाही, कारण जेथे घरे स्वस्त असतात तेथे घेणारेही थोडेच असतात. ग्रीन कार्डवर देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची ही अवस्था एक-दोन वर्षांत संपणारी नसते. भारतीय डॉक्टरांचे गणित थोडे निराळे आहे. प्रत्येक राज्याला दरवर्षी ३० परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळवून देता येते आणि त्या बदल्यात डॉक्टरांनी तीन वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचे असते. ग्रामीण आयोवाची आरोग्यसेवा चालू राहण्यात या मंडळींचा मोठा वाटा आहे. त्यांतले काही तीन वर्षांनी जातात, काही मुलांच्या शाळेत रमून येथलेच होतात. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लावण्यात आले, आणि लहान रुग्णालयांना असे शुल्क भरून डॉक्टर आणणे कसे जमणार, ही चिंता आहे.

एवढे लिहूनही मी येथे राहते, याची कारणे घराच्या किमतीत नाहीत. मुले शाळेत चालत किंवा सायकलवर जातात. अकरावी-बारावीच्या मुलांना शाळेतच कम्युनिटी कॉलेजचे विषय विनाशुल्क घेता येतात, त्यामुळे पुढे पदवीचे एखादे सत्र वाचते. प्रगत विज्ञान-गणिताचे पर्याय मोठ्या शहरातल्या शाळांपेक्षा मोजकेच असतात, ही त्याची उणी बाजू. गावाभोवती सोळा मैलांची पायवाट आहे. काउंटीच्या मंडळात तीन सदस्य आहेत आणि त्यांच्या बैठकीत कोणीही जाऊन रस्त्याच्या खडीविषयी दोन शब्द ऐकवू शकतो. मुंबई-पुण्यात सोडाच, न्यू जर्सीतही एवढी जवळीक मला लाभली नव्हती. ज्याचे काम घरबसल्या चालते आणि ज्याच्या हाती नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड आहे, किंवा जो निवृत्त असून अजून धडधाकट आहे, त्याने असा विचार जरूर करावा असे माझे मत आहे. लहान मूल, व्हिसा आणि एकच पगार अशी स्थिती असेल तर माझा सल्ला नकाराचा राहील, घर कितीही स्वस्त असो.

आपणास विनंती अशी की अशा लेखांसोबत घरांच्या किमतींचा तक्ता छापताना त्यात आणखी तीन रकाने असावेत: प्रसूती विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे अंतर, नोंदणीकृत पाळणाघरांत जागा मिळते की नाही, आणि वाचकाच्या क्षेत्रातील मालकांची संख्या. घराचा कर तपासणे तर फारच सोपे आहे. आयोवात काउंटीच्या मूल्यनिर्धारकाच्या संकेतस्थळावर बहुतेक घरांचे बांधकामाचे वर्ष, ठरवलेले मूल्य आणि पूर्वीच्या विक्रीच्या किमती कोणालाही विनामूल्य पाहता येतात, आणि ते पाहायला आयोवात असावे लागत नाही.

कळावे,
आपली,
एक वाचक
फेअरफिल्ड, जेफरसन काउंटी, आयोवा