तारखांचे साचे समजावून देणाऱ्या मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

रुग्णनोंदींतल्या तारखा ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत कशा वाचाव्यात याविषयी आपण जे टिपण करून दिलेत, त्याबद्दल जाहीरपणे आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. चालणारी ओळ हातात देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. आपण ती ओळ का चालते आणि कुठे गुपचूप दगा देते, हे दोन्ही दाखवलेत.

आपले पहिलेच उदाहरण आमच्या विभागात आता सर्वांना पाठ आहे. आपल्याकडे लिहितात तशी ‘२५/०४/२०१९’ ही तारीख साचा, म्हणजे तारखेतले भाग कोणत्या क्रमाने आहेत ते, न सांगता मजकुराची तारीख बनवणाऱ्या ‘ॲज-डॉट-डेट’ या फंक्शनला दिली, तर ते तक्रार करत नाही. वर्ष-महिना-दिवस हा क्रम गृहीत धरून २५ हे वर्ष, ०४ हा महिना आणि २०१९मधले पहिले दोन अंक हा दिवस समजते, उरलेले १९ खुशाल सोडून देते आणि इसवी सन २५मधली २० एप्रिल आपल्यापुढे ठेवते. त्याऐवजी ‘एनए’ (माहिती नाही अशी खूण) आले असते, तर निदान शंका तरी आली असती.

साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढचा लहान ‘एम’ म्हणजे महिना आणि मोठा ‘एम’ म्हणजे मिनिटे, हे कोणतेही पुस्तक सांगते. पण लहान ‘वाय’ने दोन अंकी वर्ष वाचताना ०० ते ६८ हे आकडे २००० नंतरचे आणि ६९ ते ९९ हे १९०० नंतरचे धरले जातात, त्यामुळे ५२ साली जन्मलेल्या आजोबांचे वय उणे येते आणि ७४ सालच्या त्यांच्या मुलीचे अगदी बिनचूक, हे आपण नोंदी समोर ठेवून दाखवलेत.

सर्वांत मोलाची ठरली ती वेळेची गोष्ट. आम्ही वापरतो त्या आवृत्तीत रुग्ण दवाखान्यात भरती झाल्याच्या वेळेवरून तारीख काढताना कालविभाग सांगितला नाही, तर यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचच्या आत झालेली प्रत्येक भरती आदल्या दिवसात जाऊन बसते. ‘एशिया/कोलकाता’ हा आपला कालविभाग वेळ वाचताना एकदा आणि तारीख काढताना पुन्हा सांगायचे, ही आपली ताकीद आम्ही कसोशीने पाळतो.

एका बाबतीत मात्र थोडा मतभेद नोंदवते. ‘आर’साठीच्या ‘लुब्रिडेट’ या जोड-पॅकेजमधले ‘डीएमवाय’ हे दिवस-महिना-वर्ष या क्रमाने तारीख वाचणारे फंक्शन तिरकी रेघ, आडवी रेघ आणि टिंब अशी सरमिसळ सहज पचवते, त्यामुळे रोजच्या कामासाठी ते नवशिक्यांना आधी द्यावे असे मला वाटते. मूळ साचे मागाहून शिकवता येतील.

आपले टिपण नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांना द्यावे असा विचार आहे. आपली हरकत नसल्यास तसे कळवावे.

आपली कृतज्ञ,
रुग्णनोंदी विभागातील एक संख्याशास्त्र सहायक